ड्रायसूट म्हणजे पाण्यातला रेनकोट? जरा थांबा

माझा नेरूळचा भाचा आइसलंडला निघालाय. तिथल्या सिल्फ्रा नावाच्या पाण्यानं भरलेल्या भेगेत त्याला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, करायचंय. तारकर्ली आणि अंदमान मिळून पंचवीसेक डाइव्ह झालेत, त्यामुळे अंगात थोडं वारंही शिरलंय. परवा त्यानं एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, काम सोपं झालं!" तोच मेसेज मला ठाण्यातल्या दोन ग्रुपांवर आधीच येऊन गेला होता. तो थंड पाण्यात घालायच्या, अंगाला पाणी लागू न देणाऱ्या ड्रायसूटबद्दल आहे. त्यात म्हटलंय ते असं: ड्रायसूट म्हणजे पाण्यातला रेनकोट. घातला की थंडी वाजत नाही. आत हवा असते, म्हणून बुडायची भीती नाही आणि वेगळं काही शिकावंही लागत नाही. एक नंबर मोठा घ्या, सील (गळ्याची-मनगटाची रबरी कड) घट्ट वाटलं तर खोबरेल तेल लावा. सूट फाटला तर मात्र दगडासारखे तळाला जाल.

नोकरीनिमित्त मी लेस्टरला दोन हिवाळे काढले. जवळच स्टोनी कोव्ह ही पाण्यानं भरलेली जुनी खाण आहे, तिथं ड्रायसूट वापरायला शिकलो. तेव्हा या मेसेजचा एकेक धागा उसवतो.

आधी थंडी. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, आणि सिल्फ्राचं पाणी बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असतं. सूट फक्त पाणी बाहेर ठेवतो. ट्रायलॅमिनेटचा सूट, म्हणजे दोन कापडांच्या मधे रबराचा थर असलेला, स्वतः जवळपास काहीच ऊब देत नाही. ती येते आतल्या कपड्यांत अडकलेल्या हवेतून. निओप्रीनच्या, म्हणजे बारीक बुडबुडे असलेल्या रबराच्या ड्रायसूटला स्वतःची थोडी ऊब असते, पण खोल गेल्यावर त्याची जाडी दबते. म्हणून खरी निवड आतल्या कपड्यांची: अंगालगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम कापड, त्यावर जाड फ्लीस किंवा थिन्सुलेट हे ऊबदार कृत्रिम अस्तर. आपली सुती बनियन मात्र घरी ठेवा. घामानं भिजली की डाइव्हभर ती ओल्या पोतेऱ्यासारखी पाठीला चिकटून बसते.

आता हवेचा मुद्दा. मेसेज सर्वांत जास्त चुकलाय तो इथं.

खाली जाताना दाब वाढतो, सूटमधली हवा आकसते आणि सूट अंगाला चिमटे काढायला लागतो. म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हनं थोडी थोडी हवा आत सोडावी लागते. वर येताना उलटा खेळ. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणजे तिथं सूटमध्ये असलेली पाच लिटर हवा वर येईपर्यंत पंधरा लिटर व्हायला बघते. ती वेळीच डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून गेली नाही, तर ती तुम्हाला वर ओढते, वर गेलात की आणखी फुगते, आणखी जोरात ओढते. मेसेज म्हणतो बुडायची भीती नाही. बरोबर आहे, भीती वर फेकलं जाण्याची आहे. त्यात श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटू शकतं.

हवा नेहमी सगळ्यांत उंच जागी जाते. डोकं खाली झालं की ती पायांत. माझ्या तिसऱ्याच डाइव्हला मी खाणीच्या तळाशी पडलेलं काहीतरी वाकून बघायला गेलो आणि दोन्ही पाय फुग्यासारखे वर. व्हॉल्व्ह दंडावर, हवा घोट्यात, त्यामुळे बटण दाबून उपयोग शून्य. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आणायचं, मग डावं कोपर उंचावून हवा सोडायची, हे आधी उथळ पाण्यात घोटून घेतलं होतं म्हणून निभावलं. शोभा झाली ती वेगळीच.

'बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) नावापुरतं' अशीही एक ओळ मेसेजमध्ये होती. यावर शिकवणाऱ्यांची दोन घराणी आहेत. एक म्हणतं, पाण्याखाली तरंगणं सूटमधल्या हवेनंच सांभाळा. दुसरं म्हणतं, सूटमध्ये चिमटा जाण्यापुरतीच हवा ठेवा, बाकी काम बीसीडीचं. मी दुसऱ्या घराण्याचा. पण बीसीडी घरी ठेवा असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. पृष्ठभागावर तरंगायला तेच लागतं.

'शिकावं लागत नाही' हे लोकांना पटतं, कारण सिल्फ्रात पर्यटक ड्रायसूट घालून स्नॉर्केलिंग (नळीनं श्वास घेत वरवर पोहणं) करतात आणि त्यांच्याकडे कसलंच सर्टिफिकेट नसतं. मला वाटतं मेसेज लिहिणाराही त्यांच्यातलाच. वर तरंगताना दाब बदलत नाही, हवा आकसत-फुगत नाही, म्हणून चालतं. स्कूबासाठी तिथं ड्रायसूटचं सर्टिफिकेट नाहीतर नोंद केलेले किमान १० ड्रायसूट डाइव्ह मागतात. भाच्याचे पंचवीसही डाइव्ह उघड्या अंगाला पाणी लागलेले. त्यानं दोन दिवस आधी जाऊन कोर्स करावा.

मापाचं म्हणाल तर, मोठा सूट म्हणजे आत फिरायला हवेला मोठी खोली, आणि ती बुडवायला कमरेला शिशाची जास्त वजनं. सूट आतल्या कपड्यांसकट घालून बघा. उकिडवं बसा, हात छातीशी कवटाळा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. अडलं तर लहान, पायाशी कापड लोंबलं तर मोठा. गळ्याचं सील आवळत असेल तर 'सैल होईल' म्हणून सोसू नका, मानेच्या शिरेवर दाब पडून घेरी येते. कडं, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र आधी काढा, सीलचं लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, सहज फाटतं.

आणि खोबरेल तेल! तेलानं लेटेक्स कुजतं. बिनवासाची टाल्कम पावडर किंवा साबणाचं पाणी लावा. परतताना मी एक जुना सूट हौसेनं ठाण्याला आणला होता, माळ्यावर इन्व्हर्टरशेजारी ठेवला. एका पावसाळ्यात गळ्याचं सील गुळाच्या ढेपेसारखं चिकट झालं आणि झिपवर बुरशी. लाखाच्या घरातली ही वस्तू, आणि आपला समुद्र वर्षभर कोमट. इथं राहून विकत घेऊ नका, तिथं भाड्यानं मिळते.

राहिला दगड. पाण्यात पाण्याला वजन नसतं. सूट पाण्यानं भरला तर आतली हवा जाते, तेवढं तरंगणं कमी होतं, ते बीसीडीत हवा भरून परत मिळवता येतं. खरा जाच दोन ठिकाणी: गार पाणी अंगाला भिडतं, आणि शिडीवर चढताना सूटमधलं सगळं पाणी पायांत लोंबतं. तेव्हा कुणीतरी वरून हात द्यायला हवा. भाच्याला म्हटलं, तेवढ्यापुरता मला घेऊन चल.