"मॅडम, हे मी नाही लिहिलंय"

काल एका ग्रुपवर परत तोच विषय निघाला, की वांड पोरांचं करायचं काय, आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की त्यांना "व्यक्त व्हायला" शिकवा, कविता लिहायला लावा, डायरी द्या. मला तिथेच लिहायचं होतं पण लांबलं असतं म्हणून इथे लिहितेय.

माझा अनुभव जरा उलटा आहे. काही वर्षं शाळेचं वार्तापत्र माझ्याकडे होतं, आठ पानांचं, महिन्यातून एकदा. त्यात एक नववीतला मुलगा माझ्याकडे पाठवला गेला, लिहितो म्हणून नाही हां, वर्गात नको म्हणून. "याला कुठेतरी अडकवा" हे शब्द होते. मारामाऱ्या, उलट उत्तरं, दोनदा घरी पाठवलेला. पहिले दोन महिने तो फक्त पानं जुळवून स्टेपल करायचा, आणि ते मात्र इतकं नीट करायचा की कडेला कडा लागलेली.

मग एक दिवस म्हणाला, मधल्या सुट्टीत लायब्ररी बंदच असते, हे छापा. म्हटलं तू लिही. त्याने एकच ओळ लिहिली आणि त्यात चार शुद्धलेखनाच्या चुका. मी विचारलं, रोज बंद असते? कुणी सांगितलं? किती दिवस पाहिलंस? तो चिडला, कागद घेऊन गेला, आणि (मला हे नंतर कळलं) पुढचे पाच दिवस सुट्टीत लायब्ररीच्या दारासमोर वही घेऊन उभा राहिला. दार किती वाजता लागलं, किती वाजता उघडलं, किती मुलं परत गेली, सगळं लिहिलेलं. पाचव्या दिवशी लायब्ररीच्या मॅडमनीच विचारलं की काय रे, काय चाललंय तुझं? त्या एकट्याच आहेत, त्यांची जेवायची वेळही तीच, बदली माणूस नाही.

माझ्याकडे आला तो तोंड पाडून. "गेली ना बातमी, त्यांची चूकच नाहीये."

अरे, आत्ता तर झाली बातमी!

ज्या पोराला आजवर मोठ्या माणसांनी फक्त बोलावून घेतलं होतं, त्याने पहिल्यांदा एका मोठ्या माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकून वहीत उतरवलं होतं. म्हणून मला ते "व्यक्त हो" प्रकरण पटत नाही. त्याच्या मनात काय आहे ते कुणी विचारलं असतं तर त्याने उठून दार आपटलं असतं. पण दार किती वाजता बंद झालं, एवढं विचारलं तर तो बोलला.

आता माझा शहाणपणा ऐका. त्याने लिहिलं होतं, "लायब्ररी मधल्या सुट्टीत बंद असते कारण मॅडम तेव्हा जेवतात आणि दुसरं कोणी नाही." मी त्याचं केलं "ज्ञानमंदिराची कवाडे विद्यार्थ्यांसाठी मिटलेलीच". लाज वाटते आता. अंक निघाला, त्याने पान पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मी नाही लिहिलंय." मग आठवडाभर फिरकला नाही. मात्रा-वेलांट्या सुधारणं वेगळं आणि पोराच्या तोंडात आपली जीभ बसवणं वेगळं, हे बीएडला कुणी शिकवलं नव्हतं, त्याने शिकवलं.

फ्रान्समध्ये सेलेस्टां फ्रेने नावाचे एक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता यायचं नाही. त्यांनी १९२४ मध्ये वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलांनी स्वतःचं लिहायचं, कुठलं छापायचं ते वर्गाने ठरवायचं, छपाईच्या अक्षरांचे खिळे मुलांनीच जुळवायचे, आणि छापलेलं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायचं. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं, की वाचणारं कुणीतरी खरं होतं, नुसते मार्क देणारं नव्हतं.

आणि उलट टोकाला अमेरिकेतली हेझलवूडची केस. १९८३ मध्ये एका मुख्याध्यापकांनी शाळेच्या पेपरातली दोन पानं छापण्याआधीच काढून टाकली, त्यात किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडलांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८८ मध्ये ५ विरुद्ध ३ असा निकाल शाळेच्या बाजूने लागला. मुख्याध्यापकांचा एक मुद्दा असा होता की मुलगी वडलांबद्दल तक्रार करतेय पण वडलांना बोलायची संधी दिलेली नाही. मुद्दा बरोबर आहे हो! पण मग पोरांना सांगा ना, की जा, विचारून या. पान कापून पोरं काय शिकतात, तर कापणाऱ्याच्या हाती कात्री असते एवढंच.

तर आमचा गडी. तो काही गुणी बाळ झाला नाही, उगाच गोड गोष्ट सांगणार नाही. एका अंकाच्या मध्येच त्याला परत घरी पाठवलं तर त्याने मजकूर मित्राच्या हाती पाठवला, डेडलाइनच्या आदल्या दिवशी. पण एकदा मॅचच्या बातमीत त्याने गोल भलत्याच मुलाच्या नावावर टाकला, ज्याने खरा मारला त्याच्याशी याचं आधीपासून वाकडं. मला वाटलं आता परत जुंपणार. तो मुलगा तावातावाने आला, भांडला. हा गप्प. दुसऱ्या दिवशी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर, "मागच्या अंकात गोल कोणी मारला ते मी चुकीचं लिहिलं. मी विचारलं नव्हतं."

खाली नाव. मी म्हटलं ठीक आहे, शेवटच्या पानावर कोपऱ्यात टाकू.

तर म्हणाला, "कोपऱ्यात का? बातमी जेवढ्या अक्षरात होती तेवढ्याच अक्षरात टाका ना."