पाच मार्कांचा लोहार

इंग्रजीत एम.ए. केलेल्या माणसाने ते नातेवाइकांत कुणाला कळू देऊ नये. मी पंचवीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली उपसतोय, पण घराण्यातल्या कुठल्याही पोराचं इंग्रजी अडलं की ते पोर बॅगेसकट माझ्या दारात उभं. या खेपेला बहिणीने भाची धाडली. एस.वाय.बी.ए., मंगळवारी पेपर, डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी.

“कुठवर वाचलीस?”

“मामा, ती वाचायची नसते. कॅरेक्टर स्केच आणि थीम्स करायच्या असतात.”

तिच्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या नोट्स होत्या. कादंबरीचा नायक, पोरका पिप, त्याला त्याच्या थोरल्या बहिणीने ‘बाय हँड’ मोठं केलं, या वाक्याशेजारी कुणीतरी पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं : ‘हाताने वाढवले’. म्हटलं, अगं, नुसतं वाढवलं नाही, वाजवलंही. वरचं दूध पाजून मूल मोठं करण्याला तिकडे तसं म्हणायचे, आणि या बाईचा हात तर सदा उगारलेला. डिकन्सने त्यावर कोटी केलीय. घरात छडीसुद्धा होती, तिचं नाव टिकलर, म्हणजे गुदगुल्या करणारी! मी एकटाच हसलो. भाचीने वहीत लिहिलं : ‘थीम – डोमेस्टिक व्हायलन्स’.

“आता सिम्बॉल्स. सुरुवातीचं धुकं कशाचं प्रतीक?”

“थंडीचं,” मी म्हणालो. टेम्सच्या मुखाशी, केंटमधल्या दलदलीवर, नाताळच्या दिवसांत धुकं नाही पडणार तर काय ऊन पडणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या डिग्रीवर शंका आली असावी. शेवटी ‘नैतिक संभ्रमाचं’ असं सांगितलं, तेव्हा कुठे पेन हललं. मग पळालेल्या कैद्यासाठी पिप घरातून खाणं आणि कानस चोरतो, ती कानसही प्रतीक. मी शरण गेलो. या धंद्यात कानस ही कानस असली की मार्क कापतात.

मिस हॅव्हिशम आली तेव्हा मात्र आईने गवार निवडता निवडता कान टवकारले. ऐन लग्नादिवशी नवऱ्यामुलाने दगा दिला. ते पत्र हातात पडलं तेव्हा नऊला वीस मिनिटं होती, म्हणून बाईने घरातली सगळी घड्याळं तिथेच थांबवली. अंगात तोच लग्नाचा पोशाख, पांढऱ्याचा पिवळा झालेला. एका पायात बूट, दुसरा टेबलावर, कारण तो घालायचा राहून गेला होता. आणि पलीकडच्या दालनात लांबलचक मेजावर लग्नाचा केक, कोळ्यांनी वेढलेला, वर्षानुवर्षं तसाच.

“मुंग्या नाही लागल्या?” आईने विचारलं.

“कोळी होते, आजी. उंदीरपण.”

“आणि कामाला बाई नव्हती का? एवढं मोठं घर, ते झाडत कोण होतं?”

यावर नोट्समध्ये काहीही नव्हतं. ‘थांबलेला काळ’, ‘सडलेली उच्चभ्रू संस्कृती’ वगैरे होतं, पण झाडण्याबद्दल एक ओळ नाही. खरं सांगायचं तर मी दोन वर्षं ही कादंबरी अभ्यासली आणि हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. वाड्याचं नाव ‘सॅटिस’, म्हणजे ‘पुरे’, हे ऐकल्यावर आई गवार घेऊन उठलीच.

‘कादंबरीच्या शेवटाची चर्चा करा’ हा प्रश्न म्हणे हमखास येणारा. मी उत्साहात सांगून बसलो, की स्वतःच्या साप्ताहिकाचा खप घसरायला लागला म्हणून डिकन्सने डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी ही हप्त्याहप्त्याने छापली, आणि आधी पिप आणि त्याचा जिच्यावर जीव त्या एस्टेलाची कायमची ताटातूट केली होती. बुलवर-लिटन या लेखक मित्राने ते मनावर घेतलं, तेव्हा शेवट बदलला.

“म्हणजे लिहिणाऱ्याचंच नक्की नव्हतं, आणि चर्चा मी करू?”

याला उत्तर असेल तर विद्यापीठाकडे असेल.

रात्री नऊला जो गार्गरीचा नंबर लागला. पिपच्या बहिणीचा नवरा, गावचा लोहार. कॅरेक्टर स्केच पाच मार्कांना, म्हणून पॉइंटही पाच. प्रामाणिक, कष्टाळू, प्रेमळ, निर्व्यसनी… स्थळाचा बायोडेटा भरावा तसं चाललेलं.

“निर्व्यसनी खोड. तो गुत्त्यावर जाऊन पाइप ओढतो.”

“मामा! मग तीनच उरतात.”

म्हटलं, थांब, सत्ताविसावं प्रकरण वाचू. पैसा मिळून लंडनला साहेब झालेल्या पिपला भेटायला जो येतो. पायपुसण्यावर किती तरी वेळ बूट पुसतो. आत आल्यावर टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. अंड्यांसकट घरटं धरावं तशी ती दोन्ही हातांत धरतो, मग शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पडते, तो झेलतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा पडते. लेकरासारखा वाढवलेल्या पिपला मधूनच ‘सर’ म्हणतो. निघताना म्हणतो, कुणी लोहार, कुणी सोनार, कुणी तांबट, माणसांच्या वाटा अशाच वेगळ्या व्हायच्या.

“टोपी कशाचं प्रतीक?”

मला उत्तर येत होतं. दिलं नाही. मी कॉलेजला असताना दादा, म्हणजे माझे वडील, एकदा पुण्याला हॉस्टेलवर आले होते. आमच्या मजल्यावर कुणी काढत नसे, पण यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या, आणि टोपी रूममेटच्या टेपरेकॉर्डरवर ठेवली. पंख्याने ती तीनदा पाडली. तिन्ही वेळा दादांनी उचलून, झटकून परत तिथेच ठेवली. रूममेटने खुणेने विचारलं, कोण? मी म्हणालो, “गावाहून आलेत.” मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य शुद्ध असतं.

“त्या लोहाराचं पुढं काय झालं?” खुर्चीतून दादांनी विचारलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, पण नेमकं हवं ते येतं.

“पिप आजारी पडला, तेव्हा येऊन शुश्रूषा केली. त्याचं कर्ज फेडलं. आणि पहाटे न सांगता निघून गेला.”

“मग? सांगून कशाला जायचं? पोराची झोपमोड.” त्यांनी पेपरचं पान उलटलं.

भाचीने मान वर केली. “आजोबा, हा पॉइंट चांगलाय.” आणि लिहायला घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, ‘कन्सिडरेट’मध्ये आधी सी की एस?”