७२ मंत्री, त्यात ११ मित्रपक्षांचे: त्या मेसेजमधलं खरं किती?

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परळ, लालबाग, भांडुप, डोंबिवली, विरार असे सगळीकडे पांगलेले चाकरमानी त्यात आहेत. एरवी तिथे गणपतीचं रेल्वे आरक्षण आणि मंडळाची वर्गणी एवढंच बोलणं चालतं. एक मेसेज मात्र तिथे पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याखाली ‘अगदी खरं’ लिहिणारे वाढत जातात. माझे सख्खे काकाही त्यात आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज ९ जून २०२४ ला शपथ घेतलेल्या मोदींच्या केंद्रातल्या आघाडी सरकारबद्दल आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मंत्रिमंडळ ७२ जणांचं करून घटनेची मर्यादा मोडली. मित्रपक्षांनी खासदार मोजून मंत्रिपदं घेतली आणि मोठी खाती लाटली. मुंबईच्या वाट्याला काही आलं नाही. मित्रपक्षाच्या मंत्र्याला पंतप्रधान हातही लावू शकत नाहीत. आणि आघाडीच्या सरकारातून या देशात कधी काही उभं राहिलेलं नाही.

मी कोणाला मत दिलं याचा इथे संबंध नाही. चुकीच्या माहितीवर माणसं मत बनवतात, याचा आहे.

आकडा बरोबर आहे. पंतप्रधान धरून ७२. मर्यादा मोडली हे मात्र साफ चूक. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने कलम ७५ मध्ये लिहूनच ठेवलंय की पंतप्रधानांसह एकूण मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त नसावेत. ५४३ चे १५ टक्के म्हणजे ८१. शपथविधीनंतरही नऊ जागांची मोकळीक उरलीच होती. बरं, मोठ्या आकड्याचं खापर आघाडीवर फोडायचं, तर जुलै २०२१ च्या विस्ताराचं काय करायचं? तेव्हा मंत्र्यांची संख्या पंचाहत्तरच्या पुढे गेली होती आणि भाजपचे एकट्याचे ३०३ खासदार निवडून आलेले होते.

याहून मोठा घोटाळा शब्दाचा आहे. ७२ जण ही मंत्रिपरिषद. त्यात कॅबिनेट म्हणावं असे पंतप्रधान आणि ३० मंत्री. पाच जण स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री, म्हणजे त्यांच्या खात्यावर वरचा मंत्री नाही, पण कॅबिनेटच्या बैठकीला ते आपल्या खात्याचा विषय असेल आणि बोलावणं आलं तरच बसतात. उरलेले ३६ राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली, तो सोपवेल तेवढं काम करणारे. आपण मराठीत सगळ्यांनाच मंत्रिमंडळ म्हणतो, म्हणून हा फरक पुसला जातो. पण कॅबिनेटला डावललं की काय होतं ते आपण पाहिलंय. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा कॅबिनेटला आधी विचारलंच नव्हतं, मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं गेलं. म्हणून १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट आली, की केंद्रीय कॅबिनेटने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. त्या बैठकीत कोण बसतो आणि कोण बसत नाही, हा मानपानाचा प्रश्न नाही.

आता खासदार मोजून मंत्रिपदं. असा नियम कुठेच नाही, आणि या सरकारात तर तसं दिसतही नाही. जनता दल सेक्युलरचे दोन खासदार, त्यांचे एच. डी. कुमारस्वामी कॅबिनेटमध्ये. राष्ट्रीय लोक दलाचेही दोनच, पण जयंत चौधरी यांना स्वतंत्र प्रभार. जीतनराम मांझी आपल्या पक्षाचे एकटे खासदार, तरी कॅबिनेट. चिराग पासवान यांच्या पक्षाचे पाच, कॅबिनेट. आणि आपल्याकडच्या शिंदेंच्या शिवसेनेचे सात, त्यांना मिळालं बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांचं एक स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद. मावळचे श्रीरंग बारणे यांनी ही नाराजी तेव्हाच उघड बोलून दाखवली होती. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचा लोकसभेत एकच खासदार आला. त्यांनाही स्वतंत्र प्रभाराचं पद देऊ केलं होतं, पण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री राहिलेले, म्हणून पक्षाने ते घेतलं नाही. उलट रामदास आठवले यांच्या पक्षाचा लोकसभेत एकही खासदार नाही, ते स्वतः राज्यसभेत, आणि ते राज्यमंत्री. राज्याची निवडणूक जवळ आहे का, कोणता समाज सोबत हवा, कोणी पाठिंबा काढला तर सरकार डगमगेल, यावर हे ठरतं. याला सौदा म्हणा, माझी हरकत नाही. पण खासदारांचा भागाकार करून पदं वाटली, असं म्हणू नका.

एकूण हिशेबही मेसेजच्या उलट आहे. आघाडीच्या २९३ जागांपैकी भाजपच्या २४०, मित्रपक्षांच्या ५३, म्हणजे सुमारे १८ टक्के. ७२ मंत्र्यांत मित्रपक्षांचे ११, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. त्यातले कॅबिनेटमध्ये पाच.

मोठी खाती लाटली म्हणावं, तर गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र, रेल्वे, कृषी, रस्ते, आरोग्य, शिक्षण ही सगळी भाजपने स्वतःकडेच ठेवली. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत एकही मित्रपक्ष नाही. मागच्या आघाड्यांत असं नव्हतं. वाजपेयींच्या सरकारात संरक्षण खातं समता पक्षाच्या जॉर्ज फर्नांडिसांकडे होतं, मनमोहन सिंगांच्या पहिल्या सरकारात रेल्वे लालूप्रसादांकडे, आणि कृषी २००४ पासून २०१४ पर्यंत शरद पवारांकडे.

पण म्हणून मित्रपक्षांकडे गेलेली खाती फुटकळ आहेत असंही नाही, आणि इथे मुंबईकरांनी थांबून बघायला हवं. मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन जनता दल युनायटेडच्या ललन सिंह यांच्याकडे गेलं. ते बिहारमधल्या मुंगेरचे, त्यांच्या राज्याला समुद्र नाही. पण वर्सोव्याच्या, माहीमच्या, कुलाब्याच्या कोळीवाड्यातला माणूस १ जून ते ३१ जुलै होडी किनाऱ्याला ओढून ठेवतो, तेव्हा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडच्या बंदीचा आदेश याच खात्यातून निघतो. बारा मैलांच्या आत राज्याचा अधिकार, बाहेर केंद्राचा. ससून डॉकवरच्या आमच्या ओळखीच्या एका मावशींना मी विचारलं, तुमचं केंद्रातलं खातं कोणाकडे आहे. त्यांना राज्याचा मंत्री माहीत होता, केंद्राचा नाही. दोष त्यांचा नाही. आपण शपथविधीच्या दिवशी पक्ष मोजतो आणि खातं वाचत नाही.

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मांझींकडे. धारावीत चामड्याच्या, शिलाईच्या, भंगार वेगळं करण्याच्या ज्या खोल्या आहेत, त्यांचं खातं हे. नागरी विमान वाहतूक तेलुगू देसमच्या राममोहन नायडूंकडे, आणि त्यांच्या हाताखाली राज्यमंत्री पुण्याचे मुरलीधर मोहोळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा खातं यांच्याकडेच होतं.

मुंबईला काही मिळालं नाही, हे तर दोन मिनिटांत तपासता येतं. वाणिज्य आणि उद्योग खात्याचे पीयूष गोयल उत्तर मुंबईतून निवडून आलेले खासदार आहेत. मुंबईच्या सहा जागांपैकी सत्ताधारी आघाडीने दोनच जिंकल्या, त्यातला एक कॅबिनेट मंत्री. महाराष्ट्राचे एकूण सहा: गडकरी आणि गोयल कॅबिनेटमध्ये, मग जाधव, आठवले, मोहोळ आणि रावेरच्या रक्षा खडसे. ४८ खासदारांच्या राज्याला कॅबिनेटमध्ये दोनच का, असा प्रश्न विचारा, मी तुमच्या बाजूने बोलेन. काहीच नाही म्हणाल तर नाही.

एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. मित्रपक्षाच्या मंत्र्याची दोरी पंतप्रधानांपेक्षा त्याच्या पक्षप्रमुखाच्या हातात असते. घटनेप्रमाणे मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर, म्हणजे व्यवहारात पंतप्रधान ठरवतील तोवर. प्रत्यक्षात काय झालं? १४ मार्च २०१२ ला मनमोहन सिंगांच्या सरकारातले रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ मांडली, आणि त्यांच्याच पक्षाच्या ममता बॅनर्जींनी आठवड्याच्या आत त्यांना पायउतार व्हायला लावलं. पंतप्रधानांची तक्रार नव्हती. त्याआधी सुरेश प्रभू. आमच्या राजापूरचे तेव्हाचे शिवसेनेचे खासदार, वाजपेयींच्या सरकारातले ऊर्जामंत्री. वीज क्षेत्राच्या नव्या कायद्याचं विधेयक त्यांच्या काळात संसदेत आलं, २००३ मध्ये त्याचा कायदा झाला. पण २००२ च्या ऑगस्टमध्येच पक्षाने सांगितलं म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला होता. चांगलं काम चाललेलं असताना असं झालं याची गावात आजही हळहळ आहे. दक्षिण मुंबईचे शिवसेनेचेच अरविंद सावंत यांनी ११ नोव्हेंबर २०१९ ला केंद्रातलं मंत्रिपद सोडलं, तेही राज्यातली युती तुटली म्हणून. त्यांचं खातं अवजड उद्योग. मनोहर जोशी, अनंत गीते, सावंत, तिघांच्याही वाट्याला हेच आलं. शिवसेना म्हटलं की अवजड उद्योग, हे दिल्लीत ठरूनच गेल्यासारखं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने यावर बोट ठेवलं असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

राहिलं शेवटचं, आघाडीतून काही उभं राहत नाही. हे वाक्य आमच्याच ग्रुपवर, कोकणातल्या माणसांनी पुढे पाठवावं, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंगांचं राष्ट्रीय आघाडीचं सरकार आलं. जनता दल, तेलुगू देसम, द्रमुक, आसाम गण परिषद सत्तेत, भाजप आणि डावे बाहेरून पाठिंब्याला. त्यात अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, ज्यांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवलं होतं. दोघेही जनता दलाचेच. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून कोकणाचा मार्ग कधी होईल याची शाश्वती नव्हती. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं: केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोख्यांतून. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबरात सरकार कोसळलं. अकरा महिन्यांचं सरकार! पण महामंडळ उभं राहिलेलं होतं. मधल्या काळात नरसिंह रावांच्या सरकारात बोगदे खोदले गेले, पूल बांधले गेले, ते श्रेय त्यांचं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर २६ जानेवारी १९९८ ला गाडी सुरू झाली, त्या दिवशी दिल्लीत इंदरकुमार गुजराल यांचं सरकार होतं. तेही आघाडीचंच.

त्याआधी परळच्या डेपोतून रात्री एसटी पकडायची, कशेडी आणि परशुराम घाटात आईला उलट्या व्हायच्या, तिच्या मांडीवर लिंबाची फोड आणि प्लास्टिकची पिशवी असायची. अठ्ठ्याण्णवच्या गणपतीला ती पहिल्यांदा गाडीने गावी गेली. राजापूर रोडला उतरली, तिथून गाव अजून लांबच होतं, पण तिने घरी पोचल्यावर आधी चहा मागितला. एवढ्या वर्षांत प्रवासानंतर तिला चहा नको असायचा. काकाही त्याच डब्यात होते.