छडी नको, आणि नुसता कॅमेराही पुरणार नाही

शाळेतल्या मारामारीची बातमी आली की कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर दोन मतं ठरलेली. एक, मास्तरांचा धाक गेला म्हणून पोरं बिघडली. दुसरं, कॅमेरे बसवा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, दुसऱ्याचा जोर वाढलाय.

मी फिनलंडमध्ये, एस्पूत राहतो. इथल्या शाळांचं कौतुक जगभर होतं. पण २ एप्रिल २०२४ ला शेजारच्या वांता शहरात बारा वर्षांच्या मुलानं शाळेत गोळ्या झाडल्या. वर्गातला एक मुलगा गेला, दोन मुली गंभीर जखमी झाल्या. आपला छळ होत होता, असं त्यानं सांगितल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्या कारणानं त्या कृत्याला माफी मिळत नाही. पण छळाचा प्रश्न इथंही सुटलेला नाही, हे त्यातून कळतं.

तरी इथली एक गोष्ट मला पटते. शाळेतला छळ थांबवण्यासाठी तुर्कू विद्यापीठानं तयार केलेला 'किवा' कार्यक्रम २००९ पासून देशभरच्या शाळांत आला. त्याचा भर बघ्यांवर आहे. एकाला कोपऱ्यात गाठलं की चौघं हसतात, बाकीचे माना खाली घालतात, आणि दांडगाई त्यावरच पोसते. ते हसणं थांबवायला वर्गात शिकवावं लागतं. कॅमेऱ्याला ते जमत नाही.

भ्यालेल्या पोराचं डोकं गणितात नसतंच. मधल्या सुट्टीत कोण कुठं अडवेल, याचाच हिशेब चालू असतो. ऐकलेलं टिकत नाही, झोप उडते, शाळेच्या वेळेला पोट दुखतं. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. मार्क घसरले की पुन्हा मार. मारणारा मास्तर असला तरी परिणाम हाच, म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी परत मागणाऱ्यांनी ते कलम वाचावं.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या संस्थानाच्या गावात पोरगं भीतीपायी शाळा चुकवत असेल, तर दंड कुणाला करायचा?

तक्रारपेटी आपल्याकडं शाळांत आहे. पण ती मुख्याध्यापकांच्या दारालगत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टांगली, तर चिठ्ठी कोण टाकणार? जूनच्या पालकसभेत गणवेशाच्या आधी एवढं विचारा: त्रास झाला तर कुठल्या बाईंकडे, कुठल्या सरांकडे जायचं, हे प्रत्येक पोराला नावानिशी माहीत आहे का?