अफेलियनमुळे ताप येत नाही, तो मेसेज पुढे पाठवणं बंद करा

जुलै लागला की दरवर्षी तोच मेसेज फिरतो. उद्या पहाटे 5.27 पासून अफेलियन सुरू, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, नेहमीचं अंतर 9 कोटी किलोमीटर असतं ते 15.2 कोटी होणार म्हणजे 66 टक्के जास्त, ऑगस्टपर्यंत थंडी राहील, अंगदुखी, घसा, ताप, खोकला होईल, व्हिटॅमिन घ्या आणि सगळ्यांना पाठवा. आजवर मी सोडून द्यायची. पण या वेळी इथे नागपूरला नंदनवनमध्ये राहणाऱ्या मोठ्या आईला सणकून ताप भरला, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणत होती, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, अगं सूर्य दूर गेला ना, सगळ्यांनाच होऊन राहिलं, ऑगस्टमध्ये जाईल आपोआप. म्हणून लिहितेय.

अंतराचं आधी उरकते. पृथ्वी सूर्यापासून सरासरी 15 कोटी किलोमीटरवर असते. जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात जवळ, साधारण 14.7 कोटी, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, 15.2 कोटी. फरक जेमतेम 3 टक्क्यांचा. 9 कोटी हा आकडा तर पूर्ण चूक, तेवढ्या अंतरावर आपण शुक्राच्याही आत असतो. जुलैत आपण लांब असतो एवढं खरं आहे, आणि त्यामुळे पृथ्वीवर जानेवारीपेक्षा साधारण 7 टक्के कमी ऊन पोचतं हेही खरं, मान्य. पण मग सूर्य सगळ्यात जवळ असताना जानेवारीत नागपूरला स्वेटर काहून लागतो?

आणि क्रम तरी बघा ना. आपल्याकडे गारवा जुलैत नाही येत, जूनच्या मध्यावर पहिला दणकून पाऊस झाला की पारा उतरतो, म्हणजे पृथ्वी सगळ्यात लांब पोचायच्या आधीच. नागपूरवर सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा 26 मेच्या आसपास आणि परत जुलैच्या मध्यात. मेमध्ये आपण 43-44 डिग्रीत भाजतो आणि जुलैत 31-32 असतं. सूर्य दोन्ही वेळा डोक्यावरच, फरक ढगांचा आणि पावसाचा. जी गोष्ट नंतर घडते ती आधीच्या गोष्टीचं कारण कशी होईल.

आता तापाचं, कारण खरा धोका तिथे आहे. पावसाळ्यात आजारपण वाढतं हे कुणी नाकारत नाही. पण त्याचा क्रम आपल्या गच्चीवर दिसतो. पाऊस आला, कूलर बंद झाला, त्याच्या गवताच्या ताट्या तशाच, टाकीत विताभर पाणी तसंच, वरून पावसाचं भर पडतं. त्या पाण्याच्या कडेला डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात, आणि मग गल्लीत एकामागून एक तापाचे पेशंट. गारवाही पावसामुळे आणि डासही पावसामुळे, दोन्ही सोबत आले म्हणून लोकांना वाटतं की थंडीनं ताप आला.

मेसेजमधलं "आपोआप जाईल" हे सगळ्यात वाईट, कारण डेंग्यूत ताप उतरणं हीच सावध व्हायची वेळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या डेंग्यू मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप 37.5-38 सेल्सियसच्या खाली येतो आणि त्याच सुमारास काही पेशंटमध्ये रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपायला लागतं, हा नाजूक काळ 24 ते 48 तासांचा. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमकं तेव्हाच पोट जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून जाणं किंवा बेचैनी यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा असतो, रात्र असली तरी. सूर्य दूर गेला म्हणून बसलेल्या घरात हे कोण बघणार?

व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी डेंग्यू अडत नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनानं घ्यायचंच नाही, रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूसाठी रक्ताची एनएस वन टेस्ट होते, त्यानंतर आयजीएम नावाची. मोठ्या आईला शेवटी दादानं गाडीवर बसवून नेलं, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचा आहे.

ज्यांनी मेसेज टाकला त्यांनी तेवढ्याच ग्रुपवर हे पण टाका, आणि कूलरची टाकी आजच उपसा. नुसतं पाणी फेकून भागत नाही, एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि परत पाणी भरलं की फुटतात, त्यामुळे आतून ब्रशनं खसखसून घासा, पुसून पूर्ण वाळवा आणि मगच कूलर झाकून ठेवा.