माझ्या चाळिशीची नाभी

टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाची एका वजा चिन्हाने भरदुपारी त्याच्याच घरात शोभा करावी, हे मला अजूनही पटलेले नाही. मुलगी यंदा दहावीला आहे. नववीतल्या आरशांच्या धड्यावर मी वरणाच्या पळीने वेळ मारून नेली होती. पळीच्या खोलगट बाजूत माझा चेहरा उलटा दिसतो आणि फुगीर बाजूत सुलट, पण चिंचोक्याएवढा दिसतो, एवढ्या भांडवलावर अंतर्गोल आणि बहिर्गोल असे दोन्ही आरसे उरकले. भिंगे मात्र पळीत मावेनात.

"बाबा, आपल्याकडे बहिर्गोल भिंग आहे का?" असे तिने विचारले आणि मी नाही म्हणेपर्यंत माझ्या नाकावरची चाळिशी काढून घेतली. नंबर अधिक दोन. एकाला दोनाने भागायचे, म्हणजे नाभीय अंतर (दूरचे किरण भिंगातून जाऊन जिथे एकवटतात, त्या नाभीपर्यंतचे अंतर) अर्धा मीटर, ५० सेंटिमीटर. इथवर हिशेब माझ्या आवाक्यातला होता. चष्मा स्टुलावर डब्याच्या आधाराने उभा केला, खिडकीपासूनचे अंतर टेपने मोजून बरोबर ४ मीटर ठेवले आणि मागे टॉवेलच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा धरला. प्रतिमा कुठे पडेल हे मी आधीच कागदावर काढले होते: ४४ सेंटिमीटर.

पुठ्ठा ४४ वर धरला. मला चष्म्याविना जवळचे सगळेच धुरकट दिसत असल्याने मी "आली, आली" म्हणून मोकळा झालो. मुलीने काही न बोलता पुठ्ठा हळूहळू मागे नेला आणि एका जागी वीतभर खिडकी, गजांसकट, उलटी होऊन त्यावर उमटली. टेपवरचा आकडा मला वाचता येईना, कारण तो वाचण्याचे साधन प्रयोगात गुंतले होते. तिनेच वाचला: ५७.

"तुम्ही वस्तूचे अंतर वजा धरले नाही," ती म्हणाली. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून तिचे अंतर उणे ४००. त्यामुळे प्रतिमेचे अंतर काढायच्या सूत्रात पन्नासाव्या भागातून (१/५०) चारशेवा भाग (१/४००) वजा व्हायला हवा होता, तो मी मिळवला होता. शिवाय खऱ्या वस्तूची पडद्यावर पडणारी प्रतिमा नाभीच्या अलीकडे कधी येतच नाही, तेव्हा ४४ हे उत्तर पाहताक्षणीच शंका यायला हवी होती, असेही तिने ऐकवले. कारखान्यात असा ताळेबंद मी कारकुनाच्या तोंडावर फेकला असता.

त्याच सूत्राने तिने पुढे माझे वर्तमानपत्रही तपासले. कागद २५ सेंटिमीटरवर, म्हणजे नाभीच्या आत; त्यामुळे उत्तर येते उणे ५०, अर्थात कागदाच्याच बाजूला, दुप्पट अंतरावर, सुलट आणि आभासी, म्हणजे पडद्यावर न धरता येणारी, प्रतिमा. माझ्या डोळ्यांना पन्नासवरचे दिसते, पंचविसावरचे दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. गेली दोन वर्षे मी बातम्या नव्हे, बातम्यांची आभासी प्रतिमा वाचत आहे. (काही बातम्यांच्या बाबतीत मला तसा संशय होताच.)

गेलेली अब्रू परत मिळवण्यासाठी मी पार्क चौपाटीवरच्या भेळेची पैज लावली: अर्धे भिंग झाकले, तर अर्धीच खिडकी दिसेल. तिने काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर पोस्टकार्ड धरले. खिडकी अख्खीच राहिली, फक्त फिकी झाली. प्रत्येक गजाच्या प्रत्येक बिंदूवरून निघालेले किरण सबंध काचेवर पडतात, त्यामुळे उरलेली अर्धी काचही पूर्ण चित्र जुळवते. उजेड तेवढा निम्मा होतो.

"आता समोरच्या गच्चीवरची टाकी बघू," असे म्हणून तिने पुठ्ठा पन्नासच्या जवळ आणला, तोच पुठ्ठ्यावर वरून एक काळी आकृती डोके खाली करून लोंबू लागली. मागून आवाज आला, "बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन आहे, अन् खिडकी सताड उघडी टाकून काय चाललंय तुमचं?"

आकृतीने झडपा ओढल्या आणि पुठ्ठा कोरा झाला.