रिकामा ड्रम बिनधोक नसतो

पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची घाई सुरू झाली की ठेकेदारांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "कोटिंगचे ड्रम सीलबंद असतात, कुठेही ठेवा. रिकामा ड्रम तर बिनधोक. माल वॉटरबेस्ड असेल तर काळजीच नको. टेम्पोत उभे भरले की झालं." हा मेसेज वाचून ड्रम हाताळतो तो साईटवरचा मजूर, म्हणून मला राग येतो.

रिकाम्या ड्रमचं आधी बोलतो, कारण जीव जातात ते तिथे. थिनर किंवा सॉल्व्हंटवाल्या (रंग पातळ ठेवणारं, चटकन उडणारं द्रावक असलेल्या) प्रायमरचा 200 लिटरचा ड्रम उपडा केला तरी तळाशी आणि शिवणीत थोडं उरतंच. त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते. टोल्यूइन या थिनरमधल्या सॉल्व्हंटची वाफ हवेत साधारण 1 ते 7 टक्के असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच थोडी; रिकामा ड्रम अशा मिश्रणाने गच्च भरू शकतो. आपल्याकडे पाणी साठवायला, डांबर तापवायला हेच ड्रम कापतात. गॅसकटर किंवा ग्राइंडर लागला की ड्रम फुटतो आणि कापणारा समोरच बसलेला असतो. पाण्याने विसळून भागत नाही, टोल्यूइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बूच घट्ट लावा, ड्रम वेगळा ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे घातक रसायनाने माखलेला रिकामा ड्रम हा घातक कचराच आहे.

"सीलबंद आहे, कुठेही ठेवा." दिवसा उन्हात ड्रममधली हवा फुगते, रात्री आकसते. उभ्या ड्रमच्या डोक्यावर कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं आणि बूच जरा सैल असेल तर रात्री तेच पाणी आत ओढलं जातं. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगच्या आयसोसायनेट या घटकात पाणी गेलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ड्रम फुगतो. असा फुगलेला ड्रम दिसला तर हात लावू नका, माणसं लांब करा आणि कंपनीला फोन करा. छपराखाली, फळ्यांवर ठेवले तर यातलं बरंच टळतं. तळघर मात्र नको: सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते आणि पंपाची मोटर तिथेच असते.

वॉटरबेस्ड ॲक्रिलिक पेटत नाही, हे मान्य. पण वॉटरबेस्ड इपॉक्सी घट्ट करायला मिसळतात तो हार्डनरही कातडी आणि डोळे भाजू शकतो.

उभे भरणं बरोबरच आहे, पण ते अर्धंच काम. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या आसपास असतो. पट्टे आणि लाकडी ठोकळे नसतील तर ब्रेक लागताच केबिनवर येतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे घातक माल नेणाऱ्या गाडीवर धोक्याचं चिन्ह आणि आपत्कालीन माहितीचा फलक हवा, चालकाला प्रशिक्षण हवं. ज्वालाग्राही रंगमालाचा यूएन क्रमांक, म्हणजे घातक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय आकडा, 1263. गाडी उलटली तर अग्निशमनवाले तोच आकडा शोधतात, कारण पेटलेल्या थिनरवर पाण्याचा सरळ झोत मारला तर आग पाण्यावर तरंगत पसरते. तिथे फोम किंवा ड्राय केमिकल पावडर लागते.